वाचलेलं युनिट

‘पेपरातली नोकरी का सोडलीस?’ हा प्रश्न गेल्या दीड वर्षात मला इतक्या सुरांत विचारला गेलाय की त्याची बंदिश बांधता येईल. आईच्या सुरात काळजी. जुन्या सहकाऱ्यांच्या सुरात थोडी असूया, थोडी कीव. आणि मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत एक ज्येष्ठ पत्रकार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मग काय, आता कारखानदारांच्या ताटाला बसलीस म्हणे!’ तोंडात जिलेबी होती, उत्तर राहून गेलं. ते इथे देतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बारा वर्षं मी पेपरात पर्यावरणाचं बीट सांभाळलं, म्हणजे त्या विषयाच्या बातम्या माझ्याकडे. या बीटचं आमच्याकडे पंचांग ठरलेलं असतं. मार्चपासून टँकर, ५ जूनला वृक्षारोपण, जुलै-ऑगस्टला महापूर, गणपतीत पंचगंगेचं प्रदूषण, उसाचा हंगाम सुरू झाला की पाचट पेटवल्याचा धूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. मी तर जुलैत उठल्या उठल्या आधी तो आकडा बघायचे, मग दात घासायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा मी शिरोळ तालुक्यातून बातम्या पाठवत होते. २०२१ च्या जुलैत परत पाणी, परत तीच गावं. एका रात्री बातमीची कॉपी लिहून झाली, वाचायला घेतली आणि काहीतरी ओळखीचं वाटलं म्हणून जुनी फाइल उघडली. फूट-इंच वेगळे, बाकी सगळं जवळजवळ तेच. ‘संसार उघड्यावर’ हे शब्द दोन्ही बातम्यांत तिसऱ्याच परिच्छेदात होते. कुणाचा तरी संसार दोनदा वाहून गेला होता आणि माझ्याकडे त्याच्यासाठी एकच साचा होता.

त्या रात्री काही मी राजीनामा लिहिला नाही. पगार लागतो. पण बातमी देताना जो एक आतून जोर असतो, तो तिथे सुटला.

दुसरा धक्का अगदी किरकोळ होता. २०२३ च्या डिसेंबरात दुबईला हवामान परिषद झाली. तिच्या अंतिम मसुद्यात २०३० पर्यंतसाठी दोन आकडे एकाच ओळीत होते: जगाची अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करायची, आणि ऊर्जा कार्यक्षमता, म्हणजे तेच काम कमी ऊर्जेत करणं, सुधारण्याचा वार्षिक वेग दुप्पट. मी डेस्कवर एजन्सीच्या कॉपीचा अनुवाद करत होते. जागा कमी पडली, तेव्हा मी ओळीचा दुसरा अर्धा भाग उडवला. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच तो कंटाळवाणा वाटला. ‘ऊर्जा कार्यक्षमता’ हा शब्दच बघा ना, वाचताना जांभई येते! घरी जाताना मात्र चुटपुट लागली. माझं मूळ शिक्षण इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं. बाकी कुणाला नाही तरी मला ते वाक्य कळायला हवं होतं.

असंच मी उजाला योजनेचंही केलं होतं. २०१५ च्या जानेवारीत ती सुरू झाली आणि पुढे देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. एकगठ्ठा खरेदीमुळे सरकारी कंपनीला तीनशेच्या वर पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत चाळिशीच्या आत आला. आपल्या देशात हवामानासाठी झालेलं हे एक मोठं काम. आणि मी त्यावर काय लिहिलं? वाटपाला पालकमंत्री उशिरा आले, आणि बल्ब संपल्यावर रांगेत बाचाबाची झाली.

तर आता काय करते? एका छोट्या एनर्जी ऑडिट फर्ममध्ये आहे. कारखान्यात वीज कुठे वाया जाते ते मोजून सांगायचं, हे आमचं काम. ऑडिटरची परीक्षा अजून द्यायचीय, चार पेपर असतात, पुस्तकं उशाशी आहेत. मापं घ्यायला मदत करते आणि अहवाल लिहिते. रिपोर्टर होते, आता रिपोर्ट लिहिते, असा विनोद मी स्वतःच करते म्हणजे दुसऱ्याला करावा लागत नाही.

कोल्हापूरजवळचा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल हा फौंड्रीचा, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांचा पट्टा. इथे कितीही लाखांचं वीजबिल असो, त्याला ‘लाईट बिल’च म्हणतात. पहिल्या कामाला आम्ही मुद्दाम रविवारी गेलो. भट्ट्या बंद, ग्राइंडर बंद, शेडमध्ये चिमण्यांचा आवाज. आमच्या फर्मच्या सरांनी दाबाची हवा पाइपांत सोडणारा कॉम्प्रेसर तेवढा चालू करायला सांगितला आणि म्हणाले, ‘आता नुसतं ऐक.’

सगळ्या शेडभर फुसफुस चालली होती. पाइपाच्या सांध्यांतून, जुन्या होजमधून, कपलिंगमधून. एकही माणूस कामावर नाही, एकही वस्तू तयार होत नाही, आणि कॉम्प्रेसर मात्र दर थोड्या वेळाने धापा टाकत लोड घेतोय. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मी पाइपाच्या कडेने फिरत होते. बुडबुडे आले की तिथे लाल फडक्याची चिंधी बांधायची. दुपारपर्यंत ६१ चिंध्या झाल्या. शेड एखाद्या नवसाच्या झाडासारखी दिसायला लागली.

सोबतीला फिटर मामा होते, तिथे बावीस वर्षं असलेले. म्हणाले, ‘मॅडम, ह्याला गळती म्हनू नका. ह्यो आवाज बंद झाला तर आमालाच चुकल्यासारखं हुईल.’

आता हिशोब. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल, तर त्यातून सुटणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसरला साधारण तीन किलोवॅट लागतात. चोवीस तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर २१,६०० युनिट. नऊ रुपयांनी धरा, दोन लाखांच्या आसपास. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे त्या भोकातून वर्षाला १५ टन. भोक केवढं? उदबत्ती जेमतेम आत जाईल एवढं.

बारा वर्षं मी ‘कार्बन उत्सर्जन’ हा शब्द लिहीत होते. त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो त्या रविवारी.

भट्टीचंही तसंच. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवून रस करायला साधारण सहाशे युनिट लागतात. नीट चालवली तर त्याहून कमी, ढिसाळ चालवली तर सातशेच्या पुढे. फरक कशाने पडतो? झाकणाने. घरी डाळ शिजवताना झाकण ठेवायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. इथे चौदाशे अंशांवरचा लाल रस उघडा ठेवून माणसं साचा तयार व्हायची वाट बघत उभी असतात. रस तापलेला ठेवायला वीज जातच राहते. मी सुरुवातीला यावर जरा शहाणपणा केला. भट्टीवाला म्हणाला, ‘झाकन उचलायला दोन मानसं लागत्यात. दुसरा मानूस द्या, रोज ठेवतो.’ अहवालात मी मग झाकणाऐवजी झाकण उचलणाऱ्या हॉइस्टची शिफारस लिहिली. ही बातमी कुठल्या पेपरने छापली असती, सांगा. ‘झाकणाला हॉइस्ट हवा’!

माझी तक्रार आहे ती इथे. पूर आला की बातमी होते, आला नाही तर होत नाही. जळालेल्या कोळशाचा फोटो निघतो, न जळालेल्याचा कुठून काढणार? मराठीत ‘वाचणं’ हे एकच क्रियापद बातमीलाही चालतं आणि विजेलाही. पण आमच्या धंद्यात वाचलेल्या बातमीचे आकडे रोज संध्याकाळी मीटिंगमध्ये मांडले जायचे. वाचलेलं युनिट कुणी विचारलं नाही. मीही नाही. आम्ही वाचकाला बारा वर्षं घाबरवत राहिलो आणि घाबरल्यावर त्याने करायचं काय, हे विचारायला फिटर मामांकडे कधी गेलो नाही. गेलो ते शास्त्रज्ञांकडे, नेत्यांकडे आणि पूरग्रस्तांकडे.

पत्रकारिता निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही, कुणी तसा स्क्रीनशॉट फिरवू नये. त्या फौंड्रीच्या मागच्या ओढ्यात काय सोडतात हे विचारायला पत्रकारच लागतो. मी आता ते विचारू शकत नाही. आमच्या करारात गोपनीयतेचं कलम आहे. कारखान्याचं नाव इथे लिहिलेलं नाही ते त्यामुळेच. ज्येष्ठांचा टोमणा लागला तो त्या जागी, हे कबूल करते. ताटाला बसले नाहीये, पण वाढप्याच्या ओळीत उभी आहे असं म्हणा हवं तर.

दुसरी एक गोष्ट झोपू देत नाही. अहवाल दिल्यावर मालक खूश झाले, चहा मागवला आणि म्हणाले, ‘एवढं वाचलं तर पुढच्या वर्षी तिसरी भट्टी टाकू.’ १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने नेमकं हेच कोळशाबद्दल लिहून ठेवलंय: वाफेची यंत्रं कमी कोळशात जास्त काम करायला लागली, तसा कोळशाचा एकूण खप वाढला. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘ओतकाम इथे नाही तर दुसरीकडे होणारच, मग कमी युनिटात झालेलं बरं.’ मला हे उत्तर अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं घेऊन मी रोज कामावर जाते.

पगार थोडा वाढला, वेळेवर होतो, रात्री दहाला घरी असते. एवढंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तीन महिन्यांनी त्या शेडमध्ये परत गेलो. ६१ पैकी ४८ चिंध्या निघाल्या होत्या. कॉम्प्रेसरची धाप कमी झाली होती, नुसत्या कानालाही कळत होतं. उरलेल्या तेरांतली एक फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या टेबलाशी होती, तशीच फुसफुसत, चिंधी आता तेलाने काळी पडलेली. मामांना विचारलं. म्हणाले, ‘पाइप जोडायचा कपलर लागतोय मॅडम, एकशेऐंशी रुपयांचा. स्टोअरला नाही. परचेसला पाठवलंय, सही व्हायची हाय.’

कधी पाठवलं?

‘तुम्ही गेला त्याच आठवड्यात.’

मंगळवारी परत जायचंय. जाताना कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून मीच एक कपलर घेऊन जाणार आहे. बिल कुणाच्या नावावर टाकायचं ते बघू नंतर.