तुटक पत्रं, पण पत्रं

अमेरिकन सैन्यात नव्याने भरती झालेल्या एका रिक्रूटची, ट्रेनिंगमधून बायकोला लिहिलेली आणि आता छापलेली पत्रं वाचली. पहिल्या पत्रात नुसती झोप, पाय आणि भूक, बाकी काही नाहीच, आधी हसू आलं मग वाईटपण वाटलं. पत्रं तुटक आहेत म्हणून त्याला नावं नका ठेवू राव. मरीन्सचं (तिकडचं एक वेगळं सैन्यदल) बूट कॅम्प, म्हणजे भरतीनंतरचं पहिलं ट्रेनिंग, 13 आठवड्यांचं, आर्मीचं तेच बेसिक ट्रेनिंग 10 आठवड्यांचं, फोन काढून घेतलेला, मरीन्समध्ये तर सुरुवातीचा पोचल्याचा कॉलसुद्धा समोर लिहिलेली वाक्यं वाचून करायचा आणि ठेवून द्यायचा. मग रात्री जो थोडा मोकळा वेळ मिळतो त्यातच बूट, कपडे आणि पत्र, म्हणजे लिहिता लिहिता डुलकी लागत असणार (अक्षर बघा ना कसं खाली घसरत जातंय).

मला खरी गंमत वाटली ती पत्रं उशिरा पोचण्याची. हा लिहितो गुडघा दुखतोय, ती काळजीनं चार पानं लिहिते, ती पानं पोचेपर्यंत साहेब रायफल रेंजवर खूश आणि गुडघ्याचं विसरूनपण गेलेत. तिची पत्रं पण छापायला हवी होती, अर्धंच बोलणं ऐकल्यासारखं वाटतंय.