व्याकरणाची पुस्तकं रद्दीत टाकण्याआधी

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यातले दोन तर माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवलेले. मेसेज असा: "व्याकरणाची पुस्तकं रद्दीत टाका! लहान मूल व्याकरण शिकून बोलायला लागतं का? मग तुम्ही का शिकता? रोज अर्धा तास इंग्रजी सिनेमे बघा. मराठीतून विचार करणं आजपासून बंद. साधे शब्द सोडा, भारी शब्द वापरा. चुकांकडे लक्षच देऊ नका. ३० दिवसांत फाडफाड इंग्रजी!" खाली आवळलेल्या मुठींची चित्रं आणि सगळ्यांना पुढे पाठवायची विनंती.

मी तालुक्याच्या गावी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नर्सिंग झालेल्या मुली येतात, पुण्याच्या कारखान्यांत लागलेली आयटीआयची पोरं येतात, एक किराणा दुकानदार गेली दोन वर्षं नेमाने येतात. तेव्हा मॅडमच्या पोटावर पाय येतोय म्हणून मॅडम चिडल्या, असं कुणी म्हणालं तर म्हणो बापडे.

आधी एक कबुली. हा मेसेज पसरतो कारण त्यामागचा राग खरा आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हाची पहिलीतली मुलं आता तिशीत आली आणि त्यातली काही माझ्यासमोर बाकावर बसतात. दहावीच्या पेपरातलं 'डू ॲज डायरेक्टेड' त्यांना अजून पाठ आहे. 'रिमूव्ह टू' म्हटलं की 'ही इज टू वीक टू वॉक'चं 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' अर्ध्या मिनिटात करून देतात. 'नो सूनर दॅन'ही घडाघडा. पण बँकेच्या खिडकीवर "माझं पासबुक भरून द्याल का?" एवढं इंग्रजीत विचारायचं म्हटलं की घाम फुटतो. दहा वर्षं त्यांनी दुसऱ्याची वाक्यं उलटीसुलटी केली, स्वतःचं एकही वाक्य तयार केलं नाही. याला व्याकरणाचा सराव म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण त्या अनुभवावरून व्याकरणच नको म्हणणं म्हणजे पोहरा फुटका निघाला म्हणून विहीर बुजवणं.

आता मेसेजमधला लाडका दाखला: लहान मूल. मूल दिवसाला दहा तास जागं असतं आणि भाषा त्याच्या कानावर पडत असते असं धरू. चार वर्षांत साधारण १४,६०० तास झाले. तुम्ही रोज अर्धा तास देणार, म्हणजे वर्षाला १८२ तास. मुलाची बरोबरी करायला ८० वर्षं लागतील. शिवाय त्या मुलाला दुसरा उद्योग नसतो, ना कर्जाचा हप्ता ना रात्रपाळी, आणि ते 'दूदू' म्हणालं तरी अख्खं घर टाळ्या पिटतं. तुमचा सुपरवायझर टाळ्या पिटत नाही.

आणि मूल व्याकरण शिकत नाही हे कुणी सांगितलं? माझी भाची तीन वर्षांची असताना "मी करलं" म्हणायची. घरात कुणीही 'करलं' म्हणत नाही. तिने ते ऐकलेलं नव्हतं, बनवलेलं होतं. हसणेचं हसलं, बसणेचं बसलं, मग करणेचं करलं! इंग्रज मुलंही 'गो'चं 'गोएड' करतात ती याच हिशेबाने. पोर दिवसभर नियमच शोधत असतं, फक्त त्याला त्याचं नाव ठाऊक नसतं. मोठ्या माणसाकडे तेवढे तास नाहीत, पण एक सोय आहे: नियम त्याला दोन वाक्यांत समजावून सांगता येतो. ती सोय रद्दीत टाकायची?

सिनेमे जरूर बघा. मीही बघते. पण नुसतं ऐकून आणि बोलून किती सुधारतं, याचे दोन दाखले भाषाशिक्षणाच्या अभ्यासात नेहमी दिले जातात. पहिला अमेरिकेतल्या होनोलुलूमधल्या एका जपानी चित्रकाराचा. रिचर्ड श्मिट या संशोधकाने त्याला 'वेस' असं टोपणनाव देऊन त्याच्यावर १९८३ साली लेख लिहिला. इंग्रजीच्या वर्गात वेस जवळजवळ बसलाच नाही. त्याचा बहुतेक व्यवहार इंग्रजीत, मित्र इंग्रजी बोलणारे, गप्पांत एकदम पटाईत. श्मिटने जवळपास तीन वर्षं त्याचं बोलणं तपासलं. संवाद भलताच सुधारला होता, पण अनेकवचनाचा 'एस' आणि भूतकाळाचे प्रत्यय जवळजवळ होते तिथेच. दुसरा दाखला कॅनडाचा. १९६५ साली माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट इथे इंग्रजी घरांतल्या मुलांना सुरुवातीची वर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचा वर्ग सुरू झाला आणि ती पद्धत पुढे देशभर पसरली. अशा मुलांना वर्षानुवर्षं ऐकून फ्रेंच उत्तम समजायला लागलं, पण बोलताना-लिहिताना लिंगाच्या आणि क्रियापदांच्या चुका टिकून राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं कानावर पडणं पुरत नाही, स्वतः वाक्य घडवावं लागतं.

असं का होतं हे समजायला फार डोकं लागत नाही. 'टू डेज'मधल्या 'टू'वरूनच दोन दिवस कळले, मग शेवटचा 'ज' ऐकण्याची मेंदूला गरजच काय? अर्थ हाती लागला की कान पुढे निघून जातो. हेच श्मिट नंतर पाच महिने ब्राझीलला राहिले आणि पोर्तुगीज शिकतानाची रोजनिशी ठेवली. पोर्तुगीज क्रियापदांची रूपं त्यांच्या आजूबाजूला पहिल्यापासून बोलली जात होती, पण त्यांच्या तोंडात रुळली ती मुख्यतः त्यांनी लक्ष देऊन टिपलेली. वर्गात मी व्याकरण शिकवते ते एवढ्याचसाठी. उद्या सिनेमात 'हॅव बीन' आलं की कान टवकारले जावेत.

"मराठीतून विचार करणं बंद करा." या वाक्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

पहिली गोष्ट, असं बटण नसतं. अंगठा चुलीला चिकटल्यावर तोंडातून 'आई गं'च निघतं. दुसरी, तुमच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका मराठीतूनच आलेल्या असतात, त्यामुळे मराठीकडे पाठ फिरवली तर त्या सापडणार कशा? "मी पाच वर्षांपासून इथे राहतो" घ्या. माझ्या वर्गात दहातले नऊ जण म्हणतात, "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." हे धांदरटपणातून येत नाही, मराठीचं अगदी इमानदार भाषांतर आहे ते. मराठीत '२०१९ पासून' आणि 'पाच वर्षांपासून', दोन्हीकडे एकच 'पासून'. इंग्रजी इथे फाटे फोडते: सुरुवातीची खूण सांगायची तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. शिवाय मराठीत 'राहतो' हा साधा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत काल सुरू होऊन आज चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव लिव्ह्ड' नाहीतर 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. हे फळ्यावर समोरासमोर मांडलं की वर्गात "असं होय!" असा आवाज येतो. मग प्रत्येकाने स्वतःची दहा वाक्यं करायची. दुकानदारकाका करतात: दुकान १९९८ पासून, बीपीची गोळी तीन वर्षांपासून, जावई सकाळपासून. तिसऱ्या वाक्याला वर्ग हसतो आणि 'सिन्स धिस मॉर्निंग' कायमचं लक्षात राहतं. आठवड्याने तीच वाक्यं वही न बघता पुन्हा म्हणायची. सराव म्हणजे एवढंच.

आता 'अ' आणि 'द'. मराठीत असलं काही नाही, म्हणून ते आपल्याला कधी यायचं नाही, असं पोरं धरूनच चालतात. मी विचारते, "मी डॉक्टर शोधतेय" आणि "मी डॉक्टरांना शोधतेय" यात फरक काय? सगळ्यांना कळतो. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरलेले, आपल्याला माहीत असलेले डॉक्टर. घरकामाला 'बाई शोधणं' वेगळं आणि 'बाईंना शोधणं' वेगळं. झालं, पहिल्याला 'अ', दुसऱ्याला 'द'. 'द'ची सगळी दुखणी याने बरी होत नाहीत, नद्यांच्या आणि वाद्यांच्या नावांआधी तो का येतो ते पाठच करावं लागतं. पण मूळ कल्पना आपल्या भाषेत आधीपासून आहे.

शब्दांचंही तेच. 'सी' आणि 'लुक', 'हिअर' आणि 'लिसन', 'सर्च' आणि 'फाइंड' यांत घोळ करणाऱ्या माणसाला मराठीत 'दिसणं' आणि 'बघणं', 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं', 'शोधणं' आणि 'सापडणं' यांत कधीच घोळ होत नाही. "आय ॲम फाइंडिंग माय की" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते, "किल्ली सापडतेय की शोधतोयस?" वाक्य तो स्वतःच दुरुस्त करतो. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी शिकलं, त्याची आज टिंगल होते. त्या पद्धतीने बोलणं सुटत नव्हतं हे मान्य. पण दोन भाषा शेजारी ठेवून बघायची सवय काही वाईट नव्हती.

आणि जिथे मराठी खरोखर गोत्यात आणते ती जागाही मराठीतूनच दाखवावी लागते. "जेवला नाहीत?" याला आपण "हो, नाही जेवलो" म्हणतो, कारण आपला होकार समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत 'येस' म्हणालात की तुम्ही जेवलात. मग यजमान ताट उचलतात.

भारी शब्दांबद्दल थोडक्यात. 'व्हेरी टायर्ड'ऐवजी 'एक्झॉस्टेड', 'व्हेरी हंग्री'ऐवजी 'रॅव्हनस' अशा रंगीत याद्या फिरतात. शब्द खोटे नाहीत, पण शब्द एकटा राहत नाही, त्याचे सोयरे ठरलेले असतात. आपण चहा कडक म्हणतो, ऊन कडक, शिस्त कडक, इस्त्रीही कडक. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', ऊन 'हार्श', शिस्त 'स्ट्रिक्ट'. थंडी कडाक्याची, पण पाऊस मुसळधार, आणि 'मुसळधार थंडी' म्हणणाऱ्या परदेशी पाहुण्याकडे आपण ज्या नजरेने बघू, तीच नजर यादीतला शब्द कुठेही ठोकणाऱ्याच्या वाट्याला येते. शब्द शिकायचा तर जोडीने शिका. आणि हो, ठरलेली वेळ अलीकडे आणण्यासाठी 'प्रीपोन' खुशाल वापरा. तो आपल्याकडचा, कामाचा आहे आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. मात्र "आय पास्ड आउट इन २०१९" परदेशी माणसाला सांगताना जपून, तो समजेल की तुम्ही त्या साली बेशुद्ध पडलात.

"चुकांकडे लक्ष देऊ नका." बोलायला घाबरणाऱ्याला पहिल्या दिवशी मीही हेच सांगते. तोंड उघडणं आधी. पण हा सल्ला पहिल्या दिवसाचा आहे, जन्मभराचा नाही. नर्सिंगच्या मुलींकडून मी पाळी बदलतानाची माहिती द्यायचा सराव करून घेते. एकीने सांगितलं, "आय गिव्ह इंजेक्शन ॲट एट." मी रात्रपाळीची नर्स झाले होते. मी विचारलं, "दिलंय की मी द्यायचंय?" वर्ग एकदम गप्प झाला. 'गिव्ह' आणि 'गेव्ह' यांत एका स्वराचा फरक, आणि पलीकडे खाटेवर पेशंट.

आता फोन सगळं सुधारून देतो, हेही काही जण सुनावतात. माझ्या एका विद्यार्थ्याने परदेशी ग्राहकाला लिहिलं, "आय हॅव अ डाउट अबाउट युवर रिपोर्ट." फोनने एकही लाल रेघ ओढली नाही, वाक्य व्याकरणात चोख होतं. त्याला म्हणायचं होतं 'एक शंका विचारायची आहे'. ग्राहकाने वाचलं की आपल्या अहवालावर याचा विश्वास नाही. 'क्वेश्चन' लिहिलं असतं तर काम झालं असतं. त्याऐवजी दोन दिवस खुलासे करण्यात गेले.

राहता राहिले ३० दिवस. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवतं. हिंदीसाठी त्यांचा हिशेब ४४ आठवड्यांचा, म्हणजे वर्गातलेच सुमारे ११०० तास आणि वर घरचा अभ्यास. पगार चालू ठेवून, दुसरं काम न देता. इंग्रजीतून हिंदीकडे यायला त्यांना एवढं लागतं, तर मराठीतून इंग्रजीकडे जायला आपल्याला रोजचा अर्धा तास आणि एक महिना कसा पुरेल? दुकानदारकाकांना दोन वर्षं झाली. परवा त्यांनी घाऊक व्यापाऱ्याच्या दिल्लीच्या माणसाशी फोनवर इंग्रजीत भाव केला, किलोमागे चार रुपये पाडून घेतले आणि वर्गात येऊन पेढे वाटले.

मेसेजची शेवटची ओळ सांगायची राहिलीच. ती इंग्रजीत होती: "फॉरवर्ड टू ऑल युवर फ्रेंड अँड रिलेटिव्ह." दोन्ही 'एस' गायब. ती ओळ मी फळ्यावर लिहिली आणि काही न बोलता खडू किराणावाल्या काकांच्या हातात दिला.