लाल चौकोन आणि तुमच्या वडिलांची झोप

नमस्कार. ‘हार्ट अ‍ॅटॅक-लकव्याच्या धोक्याचे रंगीत तक्ते दाखवून तुम्ही डॉक्टर पेशंटला घाबरवता. माझे वडील लाल चौकोन बघून आले आणि आठ दिवस धड झोपले नाहीत. सरळ आकडा सांगा ना,’ असं तुम्ही लिहिलंत.

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. माझ्या हातूनही हे झालंय. सातपूरच्या दवाखान्यात एका संध्याकाळी गर्दी होती. एका बाईंच्या हातात तक्ता देऊन ‘लाल आलंय, सांभाळा’ एवढंच म्हणालो. त्या वर्षभर फिरकल्या नाहीत. चूक माझी होती.

पण नुसता आकडा? एमआयडीसीतल्या एका कामगाराला मी सांगितलं, ‘दहा वर्षांत हार्ट अ‍ॅटॅक किंवा लकव्याचा धोका 12 टक्के.’ तो म्हणाला, ‘म्हणजे 88 टक्के पास की!’ मग कागदावर शंभर गोल काढले, बारा रंगवले. बराच वेळ बघत राहिला आणि विचारलं, ‘यातला मी कुठला?’ ते कुणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच बीपीची गोळी चुकवायची नाही, हे बोलणं त्या प्रश्नामुळेच निघालं.

स्वीडनमध्ये 3532 जणांवर एक मोठी चाचणी झाली; 2019 साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. निम्म्या लोकांना त्यांच्याच मानेतल्या रक्तवाहिन्यांचं सोनोग्राफीवरून केलेलं रंगीत चित्र पाठवलं, त्यांच्या डॉक्टरांनाही. वर्षभरानं या गटाचा धोका दुसऱ्या गटापेक्षा कमी भरला. फरक फार मोठा नव्हता, पण होता. आणि चित्र पोचल्यावर दोन ते चार आठवड्यांत नर्सनं प्रत्येकाला फोन केला होता. तुमच्या वडिलांना असा फोन कुणी केला नाही. माझ्या मते त्यांची झोप तिथे उडाली.

वडील अजून विडी ओढतात, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्याकडचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा असेल, तर धूम्रपान करणारे आणि न करणारे यांचे रकाने शेजारी-शेजारी असतात. वय तेच, बीपी तेच ठेवून त्यांचं बोट शेजारच्या रकान्यात न्या, मग बीपीच्या खालच्या ओळीवर. आकडा उतरतो, पुष्कळदा रंगही बदलतो. विडी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी धोका तिथे पोचत नाही, हेही त्यांना सांगा. पुढच्या खेपेला तुम्ही सोबत जा, आणि आधी काय बदलायचं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका.