मेंढीला युरिया पाजायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

"पेंड बंद, दूध दुप्पट" या मथळ्याचा मेसेज मेंढपाळांच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. माणमधल्या माझ्या चुलतभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "आक्का, उद्यापासून पाजू का?" त्याच्या वाड्यात व्यालेल्या मेंढ्या आहेत, अंगावर पिणारी कोकरं आहेत. म्हणून हे आजच लिहिते आहे.

मेसेजमधलं पहिलं वाक्य असं: "व्यालेल्या मेंढीला रोज एक चमचा आणि कोकराला अर्धा चमचा युरिया पाण्यातून पाजा, प्रथिनं मिळतात."

युरियात प्रथिनं नसतात, नत्र असतं, 46 टक्के. मेंढीच्या पोटातले जिवाणू युरियाचा अमोनिया करतात आणि त्यापासून स्वतःची प्रथिनं बनवतात. त्यासाठी त्यांना त्याच वेळी धान्य, साखर कारखान्यातली गोड मळी असं ताकदीचं खाद्य लागतं. नुसत्या पाण्यातून युरिया पाजला की सगळा अमोनिया एकदम सुटतो, रक्तात जातो आणि यकृताला तो आवरत नाही. अर्ध्या-एक तासात पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, झटके येतात. पाण्यातून पाजणं ही युरिया देण्याची सर्वांत घातक रीत आहे, आणि मेसेज नेमकी तीच सांगतो.

कोकरांचं तर बोलायलाच नको. दुधावरच्या कोकराचं चारा पचवणारं पोट तयारच झालेलं नसतं, तेव्हा युरियाचा त्याला शून्य उपयोग. ते पाला चघळायला लागतं तेव्हा पोट अर्धवट तयार असतं, आणि तिथे विषबाधेची भीती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2007 साली चाटण विटांवर, म्हणजे जनावरांनी चाटायच्या खाद्याच्या विटांवर, सविस्तर पुस्तक काढलं. त्या विटांत युरिया मोजून, मळीत कालवून घातलेला असतो. तरीही सहा महिन्यांखालच्या रवंथ करणाऱ्या पिल्लांना त्या देऊ नयेत, हाच इशारा आहे. मळीतला युरियाही ज्यांना चालत नाही, त्यांना हे लोक चमच्याने पाजायला सांगतात!

यात अर्धं खरं एवढंच: युरिया प्रक्रियेचा चारा ही मान्य पद्धत आहे. 100 किलो वाळलेल्या काडाला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून, हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवायचं. तो मोठ्या जनावरांसाठी आहे, आणि चमच्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरा दावा, "एक किलो ॲझोला म्हणजे एक किलो पेंड." ॲझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी छोटी वनस्पती. ओल्या ॲझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. किलोभर ॲझोलातून जेमतेम 13 ग्रॅम प्रथिनं मिळतात, किलोभर शेंगदाणा पेंडीतून 400 च्या वर. पाव किलो पेंडीची भरपाई करायला मेंढीला रोज साडेसात-आठ किलो ॲझोला खावा लागेल. जोडीला मूठ-दोन मुठी द्या, पण पेंड थांबवू नका.

"सुबाभूळ पोटभर चारा" हेही चूक. पाल्यात प्रथिनं भरपूर आहेत, हे मी मान्य करते. पण त्यातल्या मिमोसीन या विषारी घटकाने मेंढीची लोकर गळते आणि गलगंडही होतो. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

कोकरांना सरकी पेंड नको, त्यातलं गॉसिपॉल त्यांना बाधतं. कोंबड्यांच्या शेडमधला कचराही नको: त्यात तांबं असू शकतं आणि मेंढीला ते फार लवकर बाधतं, आणि मेलेली कोंबडी त्यात असली तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका वेगळाच.

पेंड महाग झाली आहे, ही अडचण खरी आहे. मग तूरचुणी, हरभऱ्याचं भुसकट, शेवरीचा पाला, बाभळीच्या वाळक्या शेंगा वापरा, आणि हळूहळू, आठ-दहा दिवसांत बदल करा. व्याल्यानंतरचे पहिले दोन महिने मात्र खुराक तोडू नका, दुधाचा सगळा भर तेव्हाच असतो. दुसऱ्या आठवड्यापासून कोकरांसाठी मेंढ्यांना शिरता येणार नाही असा कोपरा करा आणि तिथे भरडलेला मका, थोडी शेंगदाणा पेंड, कोवळा पाला ठेवा.

कुणी युरिया पाजून बसला असेल आणि मेंढी फुगली, थरथरायला लागली, तर वाट बघू नका. लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन करा, युरिया किती आणि कधी पाजला ते आधी सांगा, आणि व्हिनेगर व थंड पाणी पाजायचं का, किती, हे फोनवरच विचारून घ्या. उरलेल्या मेंढ्यांपुढचं ते पाणी ताबडतोब ओतून द्या.