स्पंज. फक्त स्पंज!

आजची अर्धी सुट्टी सर्व्हिस सेंटरवर गेली. डोकं अजून तापलेलंय.

काल रात्री लेकीच्या प्रोजेक्टची शेवटची दोन पानं राहिली असताना आमच्या प्रिंटरने संप पुकारला. दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुक. शाई भरलेली, कागद नीट. काउंटरवरच्या मुलाने झाकणसुद्धा उघडलं नाही. "सर, पॅड फुल आहे. नवीनच घ्या, एक्स्चेंज ऑफर चालू आहे."

पॅड म्हणजे आतला स्पंज. हेड साफ होताना वाया जाणारी शाई तो पितो. आणि तो खरंच भरलाय का, हे प्रिंटर बघतच नाही! किती शाई वाया गेली असेल ते नुसता मोजत बसतो. ठरलेला आकडा आला की बंद.

तडक पुण्याच्या बुधवार पेठेत गेलो, पासोड्या विठोबाजवळच्या एका बोळात. तिथल्या काकांनी स्पंज काढला, बादलीत पिळला (पाणी जांभळंकाळं), पंख्याखाली वाळवला, केबल लावून आकडा शून्यावर आणला. 400 रुपये. वर चहा पाजला.

मुद्दाम नवीन घ्यायला लावायचं, हे आजचं नाही म्हणा. 1924 साली जिनिव्हात बल्ब कंपन्यांनी संगनमत केलं, दिवा हजार तासांपलीकडे टिकता कामा नये. ज्याचा टिकेल त्याला दंड! फ्रान्सने 2015 मध्ये असल्या उद्योगांना गुन्हा ठरवलं. आपल्याकडे एक्स्चेंज ऑफर.

बरं, स्पंज तुडुंब होऊन शाई टेबलावर सांडली असती तर मीच शिव्या घातल्या असत्या. मान्य. मग स्पंज विका ना लेको! एवढ्याशा स्पंजापायी अख्खं धूड फेकायला लावता?

2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. रीतसर रिसायकल झाला तो पाव हिस्साही नाही.

आणि त्यात माझाही वाटा आहे, हे मघाशी टाईप करता करता आठवलं. सहा वर्षांपूर्वी पहिला प्रिंटर असाच गेला होता. तेच दोन दिवे. तेव्हा बोळात वगैरे गेलो नाही, 150 रुपयांत भंगारवाल्याला दिला. त्याने दारातच पकडीने वायर कापली, तांब्याची म्हणून वेगळ्या पिशवीत टाकली आणि प्रिंटर उलटा करून खांद्यावर घेतला. जिनाभर निळे थेंब पडले. बायकोने दोनदा पुसले. तिसऱ्या पायरीवरचा अजून आहे.