कानाच्या मापाचं

मी बहिरा झालोय ही बातमी शिवाजी पेठेत माझ्या आधी घरी पोचली. मी दारात चप्पल काढतोय तोवर आई म्हणाली, "आरं, मला सांगायचं तरी हुतंस!" माउलीनं हे इतक्या मोठ्यानं सांगितलं, की गल्लीत ज्या दोन-तीन घरांना कळायचं राहिलं होतं त्यांचीही सोय झाली.

झालं होतं एवढंच, की मी कानाच्या मापाचे इअरफोन करायला टाकले होते. शिंप्याकडे पॅंट टाकावी तसे. तयार इअरफोनची रबरी टोकं माझ्या कानात टिकत नाहीत. उजवं बसतं आणि डावं रंकाळ्याच्या पहिल्या फेरीतच खांद्यावर येऊन पडतं. त्यात आमचं घर ऐन मिरवणुकीच्या वाटेवर. गणपती आहेत, शिवजयंती आहे, वराती आहेत, पेठेतला फुटबॉल संघ जिंकला की तीही मिरवणूक आलीच. डॉल्बी लागला की मांडणीतली भांडी आपणहून जागा बदलतात. अशात तानपुरा ऐकायचा म्हणजे खासबागेत कुस्त्या चालू असताना आखाड्यात बसून सुईत दोरा ओवण्यासारखं.

हे माप कान तपासणाऱ्यांकडेच द्यावं लागतं. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात बाकावर चार आजोबा आणि त्यांना घेऊन आलेले चार मुलगे बसले होते. मी एकटाच. म्हणजे बिचाऱ्याला आणायलाही कोणी नाही. पहिल्या दिवशी तर कानात दिवा घालून बघितलं आणि आधी मळ काढून या म्हणून परत पाठवलं. बत्तीस हजारांच्या वस्तूचा आरंभ असा झाला.

दुसऱ्या खेपेला दोरा बांधलेला स्पंजचा बोळा कानात पार आत, दुसऱ्या वळणापलीकडे सरकवला. मग दोन रंगांच्या लगद्यांचे गोळे कणीक मळावी तसे मळून, सिरिंजमध्ये भरून कानात सोडले. गार, मऊ काहीतरी सरकत आत गेलं आणि जग बंद झालं. आतला पंखा, बाहेरच्या रिक्षा, सगळं. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, म्हणून दातांत एक ठोकळा देऊन तोंड उघडं ठेवायला लावलं. पाच मिनिटं. लाळ हनुवटीवरून खाली निघाली होती, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या गल्लीतल्या काकू सासूबाईंचा नंबर कधी लागतो ते बघायला दारातून डोकावल्या. मला बघून त्यांनी काहीतरी विचारलं. मला त्यांचे फक्त ओठ दिसले. मी म्हटलं, "आँ?"

तेवढ्यावर त्यांचं काम झालं.

साचे बाहेर आले तेव्हा हातात आल्याचे दोन तुकडे असल्यासारखं दिसलं. डावा वेगळा, उजवा वेगळा. कुणाचेच दोन कान सारखे नसतात म्हणे. इतकी वर्षं मी त्या रबरी टोकांना शिव्या घालत होतो.

तीन आठवड्यांनी डबी आली. लाल खूण उजव्याला, निळी डाव्याला, कुलपात किल्ली फिरवावी तसं फिरवून बसवायचं. हे प्रकरण मुळात स्टेजवरच्या लोकांचं. १९९५ साली अमेरिकेत जेरी हार्वे नावाच्या साउंड इंजिनिअरनं व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी असे बनवले, कारण स्टेजवरच्या कल्लोळात त्याला कामाचं ऐकू येईना. आमच्या घरालाही तोच निकष लावायला हरकत नाही.

पहिल्यांदा लावली ती केसरबाई केरकरांची भैरवी. अल्लादियाखाँसाहेब आमच्या कोल्हापूर दरबारचे गवई, आणि केसरबाई त्यांच्या शिष्या. ही भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात चाललीय. तिला तिकडे डॉल्बीचा त्रास नाही. आता मलाही नव्हता. जुन्या तबकडीची खरखर वेगळी, तबला वेगळा, आणि मधून बाईंचा आवाज असा सरळ आला, की मी खुर्चीत ताठ बसलो. साडेतीन मिनिटं मी पेठेत नव्हतोच. एक सांगायला हवं: खूश होऊन हसलो की डाव्या कानातली फट उघडते आणि खालचे सूर गळून जातात. त्यामुळे कितीही आनंद झाला तरी मी तो सुतकी चेहऱ्यानंच घेतो. खिडकीतून बघणाऱ्यांना माझी आणखी दया येते.

पण बाहेरचं जग बंद केलं की आतलं चालू होतं, हे डबीवर कुठं लिहिलेलं नव्हतं. आपलाच आवाज हाडांतून कानात उतरतो आणि एरवी बाहेर निघून जातो. भोक बुजवलं की तिथंच घुमत राहतो. ते लावून मी मिसळ खायला बसलो. पहिल्या घासाला फरसाण असं फुटलं, की मी दचकून मागे बघितलं. कटाचा घोट गिळला तर पंचगंगेचं पाणी पुलावर आल्यासारखं वाटलं. रंकाळ्यावर चालायला गेलो, तर माझ्याच टाचांचा ढोल, आणि वायर शर्टाला घासली की झांज. पथक फुकट.

घरात वेगळंच. बायको मागून खांद्यावर थाप मारून सांगते, "कवापासनं हाक मारालोय!" (आमच्याकडे बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात.) गल्ली मात्र थाप मारत नाही, ओरडते. दूधवाला ओरडतो, वाणी ओरडतो, काकू तर हातवारेसुद्धा करतात. शांतता विकत घेतल्यापासून माझ्याशी हळू आवाजात कुणीच बोललेलं नाही.

शेवटी समोरचे तात्या आले. ते स्वतः कानात यंत्र लावतात. माझं एक हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं बघितलं. आत आवाज करणारा बारका भाग मुळात त्यांच्याच यंत्रांतून आलाय, हे मी त्यांना ओरडून सांगितलं.

"कितीला?"

"बत्तीस हजार."

"आन् ह्यानं काय हुतं?"

"बाहेरचं ऐकू येत नाही."

तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "मला ते फुकटच मिळालंतं की रं. घालवायला पैसे भरलो."

तेवढ्यात कोपऱ्यावर वरात वळली. तात्यांनी शांतपणे आपलं यंत्र काढून खिशात घातलं. मी माझं कानात फिरवून बसवलं. पंचवीसेक डेसिबल तरी कमी होतात. बाकीचं छातीतून आणि कट्ट्याच्या दगडातून येतं, त्याला कानाचं माप घेऊन उपयोग नाही. आम्ही दोघं कट्ट्यावर नवरदेवाचा घोडा बघत बसलो. दारातून बायकोचे ओठ हलताना दिसले. बहुतेक चहाचं असावं.

"आँ?" मी म्हणालो. आणि तात्यांच्याही तोंडाचा आकार तसाच दिसला.