हो, मीच ती खिडकी उघडणारी बाई

दारात सॅनिटायझरची बाटली. भिंतीवर 'हात स्वच्छ धुवा'. एक मावशी सतत खुर्च्या पुसतायत. आणि खिडक्या? एक सोडून सगळ्यांना स्क्रू मारलेत. गंमत म्हणून सांगत नाहीये, खरोखरचे स्क्रू.

आज आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. वेटिंग रूम गच्च, एसी चालू, आणि आमच्या मागच्या रांगेत एक काका एकसारखे खोकतायत. मास्क होता, पण हनुवटीवर. आईला दमा आहे. उघडता येण्यासारखी जी एकच खिडकी होती ती मी अर्धी सरकवली. लगेच रिसेप्शनवरची मुलगी आली. "मॅडम, एसीची हवा बाहेर जाते." खटकन बंद. लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू खोकत मीच होते.

अगं बाई, जाऊ दे की ती हवा बाहेर! तेवढंच तर हवंय!

भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणतच नाही. खोलीतलीच ओढतो, गार करतो आणि परत आपल्याच अंगावर सोडतो. म्हणजे काकांच्या छातीतून निघालेली हवा, छान थंड होऊन, आईच्या नाकात. पण 'एसी आहे म्हणजे हवा स्वच्छ' हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की कुणाला सांगायला गेलं तर आपणच वेडे ठरतो.

काकांच्या हातात सिगारेट असती तर? अख्खी खोली उठून भांडली असती, आणि खिडकी बंद करायला आलेल्या मुलीनेच ती उघडली असती. श्वासातले बारीक कण धुरासारखेच खोलीभर पसरतात, फक्त दिसत नाहीत. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते. खुर्ची कितीही पुसा.

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. १९५०च्या दशकात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयाच्या वॉर्डातली हवा थेट गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. रुग्णांशी त्यांचा संबंध फक्त हवेपुरता. तरी त्यातल्या कित्येकांना क्षय झाला. ज्यांच्याकडे जाणाऱ्या हवेवर आधी जंतू मारणारे अतिनील किरण सोडले होते, ते बचावले. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान बिघडून काही तास जमिनीवरच अडकलं, आतली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद, आणि आत फ्लूची एक रुग्ण. विमानात माणसं ५४. तीन दिवसांत त्यातली सुमारे ७२ टक्के आजारी! एवढं सगळं पुस्तकांत असताना मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना ठासून सांगत होती की कोविड हवेतून पसरत नाही. त्याच जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. तोवर आपण पार्सलं पुसत बसलो होतो. मला अजून राग येतो त्याचा.

बरं, काकांवर राग नाही माझा. आधी होता, खोटं कशाला बोलू. पण आजारी माणसाने दवाखान्यात यायचं नाही तर जायचं कुठे? मास्क नाकावर असता तर बरं झालं असतं, एवढंच. त्या मुलीलाही कुणीतरी वीजबिलावरून बोललेलं असणार. दिवसभर ती त्याच हवेत बसते. आम्ही तासाभराने सुटतो, ती नाही.

माझा राग आहे तो स्क्रू मारणाऱ्यांवर. पैसे गुळगुळीत फरशीवर, रिसेप्शनच्या मागच्या दिव्यांच्या नक्षीवर. ताजी हवा आत आणणाऱ्या पंख्याला मात्र बजेट नाही. बाहेरची हवा म्हणजे काही अमृत नव्हे, धूळ असते, धूर असतो, मान्य. मग हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र ठेवा ना! ज्या आकाराचे कण फिल्टरमधून सर्वांत सहज निसटतात, तेही ते ९९.९७ टक्के पकडतं. तेही महाग वाटत असेल तर चौकोनी पंख्याला चांगले फिल्टर चिकटपट्टीने जोडून लोक घरच्या घरी हवा गाळतायत. दिसायला खोकं दिसतं, इंटीरियर बिघडेल, हीच खरी अडचण असणार.

शेवटी मी आणि आई बाहेर जिन्याजवळ जाऊन उभ्या राहिलो. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, डोळ्यांत औषध घातलेलं, कठड्याला धरून. तिथे नंबर पुकारलेला ऐकू येत नाही. गेला आमचा नंबर. "तुम्ही आत बसायला हवं होतं ना मॅडम." आई मलाच म्हणाली, "कशाला वाद घालतेस, खोकतात माणसं." तिच्या पिढीला सगळं सोसायची सवय आहे. मला नाही.

आता कमेंटमध्ये 'एवढी भीती वाटते तर घरीच बसा' येणार. लिहा खुशाल, उत्तर देणार नाही.

त्यापेक्षा एक काम करा. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र कुणाकडे असेल तर मला काही दिवस द्या. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतात. बंद खोलीत आकडा हजाराच्या बराच वर गेला की समजायचं, आपण एकमेकांचे उच्छ्वास घेतोय. (फिल्टर कण पकडतो, हा वायू नाही. म्हणून फिल्टरने हवा गाळली तरी हा आकडा उतरत नाही.) आमच्या ऑफिसची मीटिंग रूम आधी मोजणार आहे. तिथे खिडकीच नाही. आकडे इथेच टाकेन, आणि बॉसला टॅग करेन.